सुमनचा पदर

बुधवार, संध्याकाळ. परभणी.

आज जिंतूरजवळच्या गावात सुमनच्या घरी गेले होते. पडून तिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. आता जुळलंय, पण हात वर जात नाही. तिला स्वतःची वेणी घालता यावी, असं मी ठरवलं होतं. ती म्हणाली, "ताई, वेणी जाऊबाई घालायल्यात. सासऱ्यांसमोर पदर घेता यायला पाहिजे. डाव्या हातानं घेतला की बाया हसायल्यात."

मला रागच आला. ऑक्युपेशनल थेरपी शिकले ती काय बाईला पदर घ्यायला शिकवण्यासाठी? पण हात तिचा, गरजही तिची.

ती हात सरळ ठेवून उचलत होती, तिथंच अडत होतं. मी विचारलं, "कुदळ दांड्याच्या टोकाला धरून उचलतेस का?"

"न्हाई, लोखंडाजवळ. हलकी जाती."

तेच तर. साधा तरफेचा नियम. वजन खांद्यापासून जितकं लांब, तितका खांद्याला ताण जास्त. म्हणून आधी कोपर वाकवायचं, मग हात वर.

दोन-तीनदा चुकली. तेवढ्यात सासरे पाणी मागायला आत आले. तिनं कोपर वाकवलं आणि पदर थेट डोक्यावर! मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून पुन्हा राग. पदर घ्यायला मीच शिकवलं ना?

सासरे अंगणात गेले. सुमननं त्याच हातानं पदर डोक्यावरून खाली ओढला. हे काही मी शिकवलं नव्हतं.

"लय उकडायलंय," ती म्हणाली.