तय्यबभाईचा फोन

स्वप्नाली,

मी कंधारला तय्यबभाईकडं चाललो. पोरीला क्लासला सोडून तू येईपर्यंत गाडी निघंल, म्हणून लिहून ठेवतो.

बाकीच्या क्लासवाल्यांच्या फोनाला कंटाळून तू घरच्या फोनला यंत्र बसवलंस, ते ठीकच केलंस. पण नोंदलेले नंबर सोडून सगळेच फोन परस्पर कटतात, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. तय्यबभाई दर जुम्म्याला, जवळ असंल त्या फोनवरून बोलायचा. काल कंधारहून आलेली त्याची नात उजमा बाजारात भेटली. म्हणली, "दादा म्हणतात, अण्णांनी आमच्याशी बोलणं तोडलं."

तय्यबभाई आपल्या गल्लीत राहायचा तवा, भूकंपात, गल्लीत आपलाच एक फोन होता. त्याची बहीण किल्लारीकडं दिलेली. तो आपल्या ओसरीवर फोनकडं बघत बसून राहिला, जेवला न्हाई. सोलापूरच्या दवाखान्यातून तिचा आवाज आला, तवा तुझ्या सासूबाईनं शिरा केला अन् अख्ख्या गल्लीला वाटला. अजूनबी तो फोनवर आधी "बहीण बरी हाय" म्हणतो, मग माझी खबर घेतो.

यंत्र राहू दे. फक्त उजमाचा नंबर त्यात टाक, कागदामागं लिहिलाय; यापुढं तिच्याच फोनवरून बोल म्हणून त्याला सांगतो. मी पोचायच्या आधी फोन वाजला तर त्याला सांग, अण्णा तुमच्याकडंच येऊन राहिलेत.

अण्णा