दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद

माधवनगर, उज्जैन
ता. १७ जानेवारी १९५७

प्रिय वसंता,

तुझं सोमवारचं कार्ड मंगळवारी मिळालं आणि उत्तर लिहायला मी गुरुवारी बसलोय. ज्याच्या दुकानावर 'घड्याळ दुरुस्ती, दिलेल्या वेळेत' अशी पाटी आहे त्यानं दोन दिवस लावावेत, याला कारण आहे. ते येईल ओघानं.

कार्डातला मजकूर मला बरोबर कळला ना, ते आधी सांगतो. रविवारी दुपारी तू अक्कांना प्लास्टरच्या पायासकट उचलून शेजारच्या गार्डसाहेबांच्या क्वार्टरात नेलंस, रेडिओसमोर आरामखुर्चीत बसवलंस आणि अर्धी रेल्वे कॉलनी गोळा केलीस, की ऐका, आमची चारू उज्जैनच्या मुलींकडून खो-खो खेळतेय, जबलपूरविरुद्ध. आणि अख्ख्या सामन्यात रेडिओवरच्या त्या गृहस्थानं चारूचं नाव एकदासुद्धा घेतलं नाही. मग अक्कांनी निकाल दिला, की नाव नाही म्हणजे नात नुसती बसून होती. शाळा बुडवून मातीत बसायला तिला उज्जैनला सुलूआत्याकडे ठेवली आहे काय? मार्चात परीक्षा झाली की तिला रतलामला आणा आणि हे खो-खो बंद. खाली तू लिहितोस, 'गोप्या, कोण होता रे तो गधा? आजवर रेडिओवाल्यांना एवढी पत्रं लिहिलीस, एक खरमरीत पत्र ह्याच्यासाठी लिही.' हे मी सुनंदाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, लिहा की, तुम्हाला कुठं शोधायला जावं लागणारेय? तिच्या बोलण्याचा अर्थ तुला पुढं लागेल.

पत्रांचं म्हणशील तर चौदा झाली. प्रत्येकाची नक्कल माझ्याकडे आहे, तारखेसकट. पहिलं कुठून सुरू झालं ते तुला आठवत असेल. चोपनच्या डिसेंबरात देवास गेटवर, भय्यासाहेबांच्या हॉटेलात, आपण दोघं सामना ऐकायला बसलो होतो. तेव्हाचे ते आँखों देखा हालवाले महाशय अकरा मिनिटं मुख्य अतिथींच्या फेट्यावर बोलले. फेटा संपला, तर म्हणाले, अब अतिथि महोदय ने पान ग्रहण किया है. कोपऱ्यातला तो दूधवाला पहिलवान कढई खरवडता खरवडता म्हणाला, भैया, पान तो खा लिया, अब थोड़ा खेल का भी बता दे. मग खेळाचं सांगितलं, ते असं की, बल्लेबाज़ बहुत तेज़ दौड़ रही है. खो-खोत बल्लेबाज. तू चहा सांडलास आणि मी खिशातून स्टॉपवॉच काढलं. चाळीस मिनिटांच्या प्रक्षेपणात खेळाचं वर्णन सहा मिनिटं दहा सेकंद. हा आकडा मी पहिल्या पत्रात पहिला मुद्दा म्हणून घातला.

तू तेव्हा म्हणाला होतास, जाऊ दे यार, क्रिकेट असतं तर त्यांनी नीट केलं असतं, आपला खेळ आपल्यापुरता. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. घड्याळाचं काम कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, स्विस कंपनीचा कॅटलॉग आणि एक फाटकी डिक्शनरी घेऊन शिकलो. खो-खोच्या नियमांचं पुस्तक पुण्याहून मागवून तोंडपाठ केलं. ज्याला मायक्रोफोन मिळालाय त्यानं निदान ते पुस्तक उघडून बघावं, एवढीच माझी मागणी. चौदाही पत्रांत तीच आहे, फक्त भाषा वाढत गेली.

चौदाव्या पत्राला मात्र उत्तर आलं. पत्र नाही, माणूसच आला. नोव्हेंबरात आपण सगळे बसल्या जागी मध्यभारतातून मध्यप्रदेशात गेलो, तेव्हा रेडिओतही काही बदली-बढती झाली असावी. अचकन घातलेले, फार नम्र गृहस्थ. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी माझ्याकडून खो-खो तासभर समजून घेतला आणि चहाही स्वतः मागवला. तात्पर्य, ह्या खेपेला नव्या प्रांतातल्या मुलींचे पहिलेच सामने, ते जाणकाराच्या तोंडून व्हावेत, असं ठरलं.

आता त्या जाणकाराबद्दल. वसंता, त्याचीही एक बाजू आहे. त्यानं नऊ पानं टिपणं काढली होती. सामन्याच्या दिवशी तो अडीच तास आधी मैदानावर गेला आणि सुताराचा टेप लावून दोन्ही खांब मोजले. नियमानं खांब जमिनीपासून चार फूट. शाळेकडचा खांब साडेतीन इंचांनी कमी भरला. पंचांना सांगितलं तर पंच म्हणाले, भाईसाहब, अब क्या पेड़ उगाएँ? मग ही गोष्ट श्रोत्यांना कळायला नको का? त्याला वाटलं, कळायला हवी. आरंभी दोन वाक्यांत सांगून टाकावी असं त्याच्या मनात होतं. पण अचकनवाल्यांनी बजावलं होतं की खांब म्हणायचं नाही, 'स्तंभ' म्हणायचं, भाषा शुद्ध हवी. शुद्ध भाषेत साडेतीन इंच सांगायला सात मिनिटं लागतात, हे त्याला आधी माहीत नव्हतं. जबलपूरच्या मुलींची पळण्याची पहिली पाळी स्तंभाच्या उंचीत गेली. पुढच्या दोन पाळ्या बऱ्या गेल्या, पण त्याला कुणी जाऊन सांगायला हवं होतं की बाबा रे, मुलींना नावं असतात. तो नंबर सांगत होता. नंबर चुकत नाहीत, असं त्याचं मत.

शेवटच्या पाळीत काय झालं ते तुला रेडिओवर मध्येच लागलेल्या शहनाईमुळे ऐकू आलं नाही. म्हणून मी लिहितो. हे अक्कांना सावकाश वाचून दाखव.

आपली आघाडी सहा गड्यांची. पाठलाग जबलपूरचा, सात मिनिटं. चार मिनिटं नऊ सेकंदांत आपल्या पाच मुली बाद. दुसऱ्या तुकडीतली एकटी उरली ती चारू, आणि तिच्यामागच्या तुकडीत तिघीही कच्च्या. ती गेली की बरोबरी, आणि त्यानंतर काय झालं असतं ते सांगायला नको. राहिली दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. समोर नऊ मुली, त्यांतल्या आठ ओळीत बसलेल्या, एक उंच, वेणी कमरेत खोचलेली, हिच्या मागं. चारूनं आधी साखळी धरली, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून, नागमोडी, आणि वेग मुद्दाम कमी. बघणाऱ्याला वाटावं, दमली. उंच मुलगी फसली, खो द्यायला विसरली आणि स्वतःच धावत राहिली. चारूनं तिला तशीच खांबापर्यंत नेली. तिथं एक खांदा डावीकडे टाकला, सगळं मैदान डावीकडे झुकलं, पंचसुद्धा, आणि पोर उजवीकडून निघाली. तीनदा केलं हे, तिन्ही वेळा निराळ्या पायावर. दुसऱ्या वेळी गुडघा फुटला, तो तिनं ओढणीनं पुसलादेखील नाही. शेवटी त्या उंच मुलीनं खांबाला हात घालून आडवा सूर मारला. चारूच्या पाठीशी आणि तिच्या बोटांशी वीतभर अंतर राहिलं आणि शिटी झाली. (खांब पुरा चार फुटांचा असता तर ती पोचली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. एवढं अक्कांना वाचू नकोस.) बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. चारूनं तुला नुसतं 'जिंकलो' एवढंच लिहिलं असेल. तुझीच मुलगी, तू तरी कधी स्वतःचं सांगितलंस?

आता दोन दिवस का लागले ते. हे सगळं होत असताना मायक्रोफोन माझ्यासमोर होता. तो गधा मी. हिंदीत बोललो आणि रतलामपर्यंत खरखर पोचली म्हणून तू ओळखलं नाहीस, आणि त्यांनी नावाऐवजी 'हमारे खेल विशेषज्ञ' म्हटलं. ज्या पोरीला मी आठव्या वर्षी आपल्या शाळेमागच्या मैदानात खांबावर वळायला शिकवलं ती एकटी उरली आणि मी उठून उभा राहिलो, डोळे तिच्यावर, अंगठा स्टॉपवॉचवर, आणि बोलायचं राहून गेलं. अचकनवाले माझी बाही ओढत होते, ते मला नंतर कळलं. त्यांनी बिचाऱ्यांनी शहनाईची रेकॉर्ड लावली. पंधरावं पत्र मी काल रेडिओकडे टाकलंय, माझ्याविरुद्ध, आठ मुद्दे, पुन्हा ह्या माणसाला बोलावू नये इथपर्यंत. ते सोपं गेलं. हे लिहायला वेळ लागला, कारण माझ्या गप्प बसण्याची सजा चारू भोगतेय. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी रतलामला येतोय. कॉलनीतली जेवढी माणसं त्या दिवशी जमली होती तेवढी पुन्हा जमव. अक्कांसमोर उभा राहून मी ती दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन, मराठीत, नाव घेऊन. मग अक्कांनी मला काय बोलायचं ते बोलावं, दाराबाहेर काढावं, माझी हरकत नाही. फक्त पोरीचा खेळ बंद करू नये. नाव घ्यायचं काम माझं होतं. पळायचं तिचं होतं, आणि ते तिनं केलं.

अक्कांना साष्टांग नमस्कार. तुझ्या शिव्या रविवारी समक्ष घेईन.

तुझाच,
गोपाळ