दुसरा कागद

कुसगाव, लोणावळा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. शांतवन यास विनोदिनीताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही पोचली. नव्या चष्म्यात तू थेट आपल्या पपांसारखा दिसतोस, फक्त पपांचा उपदेश वीस मिनिटांत आटपायचा. इंदुरीच्या चर्चची मंडळी तुझं पाऊण तास ऐकून घेते, म्हणजे माणसं खरोखरच भाविक असली पाहिजेत. गुडघे बरे आहेत. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रक्तदाब मोजायला अजून लोक दारात येतात. रविवारी मात्र पर्यटकांच्या गाड्यांनी आमची गल्ली अशी तुंबते, की चर्चला जायला शेजारच्या येसूबाईच्या परड्यातून वाट काढावी लागते.

परवा प्रेरणाचा वाढदिवस होता. नात नऊ वर्षांची झाली असती. चार वर्षांची असताना गेली, म्हणून डोळ्यांसमोर तेवढीच राहते. तिला आणि माझ्या लेकीला, तेजलला, मारणाऱ्या कैलासचं नाव मी आजवर घरात उच्चारलं नव्हतं. परवा प्रार्थनेत उच्चारलं. प्रभूला सांगितलं, त्याच्याबद्दल माझ्या मनात वैर उरलेलं नाही, त्याचं रक्त मला नको. मी त्याला क्षमा केली. हे लिहिताना हात थरथरतो आहे, तरी लिहिते, कारण तुझ्याशिवाय हे सांगायला मला कुणी नाही.

कागद संपला, दुसरा घेते.

पण शांतवन, क्षमा माझी आहे आणि न्याय कोर्टाचा. जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल, हे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातलं वचन तूच दोघींच्या अंत्यविधीला वाचलंस. आपण सूड घ्यायचा नाही, पण अधिकारी तलवार उगाच बाळगत नाही, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातून तूच मला समजावलंस. त्या आधारावर मी साक्ष दिली, पुण्याच्या कोर्टाने फाशी सुनावली तेव्हा उभी राहू शकले. आता हायकोर्टाने ती कायम केली तर मी आडवी येणार नाही. हे सगळं तुझ्यामाझ्यात ठेव. मंडळीत प्रार्थनेची विनंती म्हणूनही सांगू नकोस.

डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस. आठवण काढत जा, म्हणजे मलाही बरं वाटतं.

तुझी,
ताई


कुसगाव
८ जुलै २०२५

शांतवन यास,

तुझे अकरा फोन येऊन गेले. मी उचलणार नाही. बोलताना मी रडेन आणि तू मला समजावशील, म्हणून लिहिते.

काल मी हायकोर्टात गेले होते. येसूबाई सोबत आली होती. सरकारी वकिलांनी सांगितलं होतं, की नाही आलात तरी चालेल. पण माझ्या लेकीचा विषय असताना तिथे घरचं कुणीतरी असावं, असं मला वाटलं. कैलासची वकीलबाई उभी राहिली. तरुण मुलगी आहे, नीट बोलत होती. ती म्हणाली, की आरोपी तुरुंगात बदलला आहे, आणि मयत स्त्रीच्या आईनेच त्याला क्षमा केली आहे. मग तिने एक कागद वाचायला घेतला. प्रेरणाचा वाढदिवस. घरात न उच्चारलेलं नाव. थरथरणारा हात. आधी इंग्रजीत वाचलं, मग न्यायाधीशांनी विचारलं म्हणून मराठीत.

आपलेच शब्द परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना आधी ओळखू येत नाहीत. मला वाटलं, कुणा दुसऱ्या बाईचं पत्र असेल. येसूबाईने माझा हात धरला तेव्हा उमगलं. सरकारी वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षं त्या माणसाने आमच्यासाठी कागद वाहिले, आणि काल मी त्याला फसवलं असावं तसा तो बघत होता.

तू दोन वर्षं येरवड्याच्या तुरुंगात प्रार्थनेला जातोस, हे मला ठाऊक होतं. कैलासला भेटतोस, हे काल वकीलबाईच्या तोंडून कळलं. तेही सोडून देईन. मला एकच सांग. वकीलबाईच्या हातात एकच कागद होता. दुसरा कागद कुठे आहे?

विनोदिनी


इंदुरी
१३ जुलै २०२५

ती. ताईस शांतवनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसरा कागद माझ्याकडे आहे. माझ्या पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, ठेवला आहे. मी तो दिला नाही.

आता सगळं सांगतो. पहिल्यांदा मी कैलासला पाहायला गेलो तो रागाने. ज्याने आपल्या पोरींना मारलं त्याचं तोंड पाहायचं होतं. तेजल सांभाळायची त्या पर्यटकांच्या बंगल्यावर तो कामाला होता, पाहुण्यांच्या सामानातली त्याची चोरी तिने पकडली, त्याची नोकरी गेली, आणि त्या रागात तो तिच्या घरी गेला, ही हकीकत तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. लहान मुलीला का मारलंस, असं विचारलं तर खाली बघतो. सुटका मागत नाही. माझ्याकडून अक्षरं शिकला. ताई, समोर बसून वाचायला शिकणाऱ्या माणसाला फासावर चढवावं, असं मला म्हणता येईना.

मग मी शास्त्र पुन्हा काढलं. अंत्यविधीला मी जे वाचलं, ते माझ्या संतापाने निवडलं होतं. मोशेच्या नियमात आईबापांवर हात उचलणाऱ्याला मरण आहे, शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, काम करणाऱ्यालाही आहे. ते आपण आज मागत नाही, मग एवढंच का मागतो? पहिला खुनी काइन. त्याला कुणी मारू नये म्हणून देवानेच त्याच्यावर खूण केली. दावीद राजाने आपल्या सैनिकाला, उरियाला, मारवलं, तरी नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितलं की तू मरणार नाहीस. आणि दगड घेऊन उभ्या असलेल्यांना प्रभूने सांगितलं, की जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, ते तू मला लहानपणी शिकवलंस.

वकीलबाईंनी विचारलं, की कुटुंबातल्या कुणाचं काही म्हणणं आहे का. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. एका जिवापुढे मला एक कागद लहान वाटला. चुकलो असेन, पण वाईट हेतूने नाही.

मला भेटू दे. तू म्हणशील तेव्हा येतो.

तुझा,
शांतवन


कुसगाव
१९ जुलै २०२५

शांतवन यास,

भेटायला येऊ नकोस.

तू शास्त्र काढलंस, म्हणून मीही काढलं. मी पाळक नाही, पण चाळीस वर्षं वाचते आहे. दावीद जिवंत राहिला, खरं आहे. पण त्याच अध्यायात त्याचं तान्हं मूल मेलं, ते तू लिहिलं नाहीस. आणि उरियाच्या आईला कुणी काही विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही. दावीदाने देवाची क्षमा मागितली, देवाने ती दिली, पण उरियाच्या घरचं म्हणणं कुठेच लिहिलेलं नाही. मी त्या घरची आहे, शांतवन.

वधस्तंभावर प्रभूने क्षमा केली ती स्वतःला खिळे मारणाऱ्यांना, स्वतःच्या तोंडाने. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने केली नाही. शेजारच्या चोराला त्याने सुखलोक देऊ केला, खाली उतरवलं नाही. तो चोर तर स्वतः म्हणत होता, की आम्हाला मिळतंय ते आमच्या करणीचं फळ.

यावर तुझ्याकडे उत्तरं असतील. कदाचित तुझीच खरी असतील. फाशी असावी की नसावी, यावर आपल्या दोघांपेक्षा शहाणी माणसं दोन हजार वर्षं भांडत आली आहेत, आणि माझ्या बहिणीहून माझं मत निराळं आहे, असं तू कोर्टात उभा राहून म्हणाला असतास तर मी घरी येऊन तुला जेवायला वाढलं असतं. तुझं मत बदललं याचा मला राग नाही. तू मला ते सांगितलं नाहीस. दोन वर्षं माझ्या हातचं खाऊन येरवड्याला गेलास आणि तिथून आलास की माझ्या घरात तेजलच्या फोटोखाली प्रार्थना केलीस.

क्षमा ही माझी एकच गोष्ट होती. पोरी गेल्या, जावयाने दुसरं घर केलं, नोकरी संपली. पाच वर्षं झगडून मी ती मिळवली, आणि ती अजून इतकी कच्ची होती की मोठ्याने बोलायची भीती वाटत होती. ती तू उचलून नेलीस, अर्धी फाडून. खोटी साक्ष देऊ नको, हीही त्या दहा आज्ञांतलीच आहे. अर्धा कागद ही खोटीच साक्ष.

सरकारी वकिलांना मी अजून काही कळवलेलं नाही. ते तू कर.

विनोदिनी


इंदुरी
११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसरा कागद सरकारी वकिलांना दिला. सोबत प्रतिज्ञापत्र केलं, की पत्र खाजगी होतं, बहिणीची परवानगी नव्हती, आणि हा भाग मी जाणूनबुजून मागे ठेवला. वकीलबाईंनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, की यामुळे तो फासावर गेला तर तुमच्या हाताने गेला असं समजा. मी समजून आहे.

येरवड्याला जाऊन कैलासलाही सांगितलं. त्याने शिपायाला हाक मारली आणि कोठडीत परत न्यायला सांगितलं. त्यानंतर दोनदा गेलो, त्याने भेट नाकारली. रविवारी मंडळीसमोर उभा राहून कबूल केलं. चर्चच्या वडील मंडळींनी मला काही महिने व्यासपीठावर चढू नका म्हणून सांगितलं. मी मागच्या बाकावर बसतो.

हे दया यावी म्हणून लिहीत नाही. तू विचारलं होतंस कागद कुठे आहे, त्याचं हे उत्तर.

शांतवन


कुसगाव
५ डिसेंबर २०२५

चि. शांतवन यास अ. उ. आ.

निकाल तुला कळला असेल. फाशी रद्द झाली. मरेपर्यंत कैद, मधे सुटका नाही. सरकारी वकिलांनी निकाल मला वाचून दाखवला. माझ्या पत्राबद्दल त्यात दोन ओळी आहेत. मृतांच्या नातेवाइकांची क्षमा किंवा राग यांवर शिक्षा ठरत नाही, म्हणून ते पत्र विचारात घेतलेलं नाही. दोन्ही कागद बाजूला ठेवले. तुझी अर्धी चोरीही कामाला आली नाही आणि कबुलीही. मला हसू आलं, मग नाही आलं. घरी येऊन तांदूळ निवडत बसले.

त्याआधीची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ऑक्टोबरात कैलासची आई आली होती. नंदाबाई. आंदर मावळातल्या त्यांच्या गावाहून फाट्यापर्यंत चालत, मग एसटीने, मग पत्ता विचारत. उंबऱ्याबाहेर बसली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, की बाई, मी पोराला सोडा म्हनायला न्हाई आले. त्यानं काय केलंय ते मला ठावं हाय. पर कोर्टात समदे नुसतं मयत मयत म्हनत्यात. तुमच्या लेकीचं अन् नातीचं नाव काय व्हतं, तेवढं इचारायला आले.

मी दोघींची नावं सांगितली. तिने ती हळूच दोनदा म्हणून पाहिली, विसरू नयेत म्हणून. मग मी प्रेरणाबद्दल सांगायला लागले, आणि दीड तास सांगत राहिले. पाच वर्षांत पोलिसांनी, वकिलांनी, पत्रकारांनी मला हजार प्रश्न विचारले. हा कुणी विचारला नव्हता. जाताना मी तिला कुसगावच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. तिच्या टाचा फुटून रक्त आलं होतं, ते मी पुसून पट्टी बांधली. नर्सची सवय.

त्यानंतर मी सरकारी वकिलांना कळवलं, की शिक्षेबद्दल माझी कुठलीच मागणी नाही, फाशीचीही नाही आणि माफीचीही नाही. ते वाक्य मी स्वतः लिहिलं आणि खाली सही केली. उत्पत्तीचा नववा अध्याय मी खोडणार नाही. तो तिथे आहे. पण त्याच ओळीत पुढे कारणही दिलंय, की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. माझ्या पोरी तशा होत्या. मग कैलासचं काय, तिथे येऊन मी दर वेळी थांबते. कुणी उत्तर दिलेलं मला नको आहे, तुझंही नको. थांबू दे मला तिथे.

कैलासला मी क्षमा केली होती, ती पुन्हा केली. या वेळी हात थरथरला नाही. तुला मात्र जमत नाही. रोज प्रयत्न करते. स्तोत्रात म्हटलंय तसं, वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं. कैलास माझा कुणी नव्हता, आणि तू तर मी कडेवर घेऊन वाढवलेला.

नाताळला ये, मुलांना घेऊन ये. करंज्या करणार आहे, पोटभर जेवून जा. पण जेवणाआधीची प्रार्थना तू करायची नाहीस. माझ्या घरात ती मी करीन.

ताई