बायो ‘येते’ म्हणाली

प्रिय कुमुदमावशी,

तुझी नवी कादंबरी मिळाली. जंगल तोडून गाव वसवायला निघालेली पहिली बैलगाडी आणि तिच्यात दहा वर्षांची बायो. ओवीला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवते. आखातातल्या, अल बर्शाच्या या फ्लॅटमध्ये, बांधलेल्या खोक्यांवर बसून.

पहिल्याच प्रकरणात बायो आजीला ‘येते’ म्हणून गाडीत चढते. ओवीने मला थांबवलं. “बट शी इज गोइंग, ममा. व्हाय येते?”

म्हटलं, आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत.

“सो डझ शी कम बॅक?”

मी शेवटचं पान काढलं. नाही आली. तू लिहिलंयस, तेव्हा रस्ते नव्हते, नदीवर पूल नव्हता. बायोचं पटतं गं. माझ्याकडे ते कारणही नाही.

अंकुरची इथली नोकरी खलास झाल्यापासून तू धरून चालली आहेस की आम्ही तुझ्याकडे परतणार. काल फोनवर म्हणालीस, वरची खोली रंगवून घेतली. मी “छान” म्हणाले. ही खोकी कॅनडाला चालली आहेत, मावशी. तू ऐंशी पार केलीस, आणि तिथून येणं किती होईल ते मला दिसतंय. फोनवर सांगवत नाही. हे लिहिलेलंही पाठवणार नाही.

ओवीला तो शब्द भारी आवडलाय. शाळेला निघताना लिफ्टमधून ओरडते, “येते!” निघायच्या दिवशी फोनवर तुलाही म्हणेल.

तिचं खरं धरू नकोस.

तुझीच,
विभा