माझ्या अकरा वस्तू

२ ऑक्टोबर

पोचलो, आणि सगळं चांगलंच झालं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. साल्चियाच्या थांब्यावर उतरलो तर समोर डॅन्यूब, ऊन पडलेलं, आणि काठावर धान्याचं ते उंच कोठार, जिथे उद्यापासून मी वजनकाट्यावर बसणार. खाण बंद झाल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून आमच्या डोंगरात मला ‘उद्यापासून ये’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

खोलीही मिळाली. सफ्ताकाकूंच्या घराचा वरचा मजला म्हणजे एकच खोली, खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसतं. काकूंचे यजमान पांतेलिमोन गेल्या महिन्यात वारले. ते याच कोठारात याच काट्यावर बसायचे. म्हणजे नोकरीही त्यांची आणि खोलीही त्यांचीच. काकू म्हणाल्या की देवानं एक हात नेला आणि दुसरा धाडला, आता पाय पुसून वर जा लेकरा.

गावचं घर विकलं. कपाट, शेगडी, सायकल, सगळं गेलं. काकाला द्यायची जुनी देणी फिटली आणि मी हलका झालो. धाकटी बहीण झाम्फिरा तेवढी काकाकडे आहे. तिथे तिला दोन वेळचं खाणं आणि चार वेळची बोलणी मिळतात. सोळा वर्षांची आहे. संत निकोलसच्या सणाला, ६ डिसेंबरला, तिला इथे आणायचं असा शब्द दिला आहे. तोवर काटकसर.

बरोबर अकराच वस्तू आणल्या: आईचा पितळी चमचा, ताटली, कप, चाकू, घोंगडी, कोट, बूट, कंगवा, वस्तरा, ही वही आणि पेन्सिल. अंगावरचे कपडे मोजले नाहीत.

आठवीत शाळा सुटली, पण मास्तर म्हणायचे की लिव्यूचं डोकं मध्यम असलं तरी शुद्धलेखन पक्कं. म्हणून लिहितो.

३ ऑक्टोबर

कामाचा पहिला दिवस. मका भरलेले ट्रक मोठ्या काट्यावर चढतात, मी आकडा वाचून पावती फाडतो. पोत्यांसाठी वेगळा छोटा काटा आहे. दुसऱ्या पाळीचा डोब्रे तोंडाचा फटकळ आहे. त्यानं मला त्या छोट्या काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, नवा माल तोलून घ्यायची इथली पद्धत आहे. त्रेसष्ट किलो. “अर्धं पोतं पाठवलंय रे डोंगरवाल्यांनी!” असं तो अंगणभर ओरडत सुटला. दर शनिवारी तोलणार म्हणे. मलाही आकडे आवडतात, म्हणून हरकत घेतली नाही.

१० ऑक्टोबर

त्रेसष्ट.

जमतंय. लिंडनच्या फुलांचा चहा एकाच चिमटीत तीनदा होतो. शिळा पाव कांद्याबरोबर परततो. खोलीत शेगडी नाही, पण काकूंच्या चुलीचं धुराडं माझ्या भिंतीतून वर जातं. त्या भिंतीला पाठ लावून बसलं की झालं. डोब्रे मला ‘मठातले बाबा’ म्हणतो. म्हणू दे.

२४ ऑक्टोबर

त्रेसष्ट. आज पांतेलिमोनकाकांचा चाळिसावा दिवस.

काकूंनी पहाटे उठून गहू शिजवला, साखर-अक्रोड घातले, कोबीच्या पानांतले भाताचे गोळे केले. अंगणात लांब टेबल मांडलं आणि त्यावर काकांच्या नावानं द्यायच्या वस्तू ठेवल्या: ताट, कप, रजई, कोट, बूट, खाट, उशी. प्रत्येकीला एक मेणबत्ती आणि एक पंचा. इथे जे द्यावं ते तिथे मेलेल्याला पोचतं. घेणाऱ्यानं ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचं आणि वापरायला लागायचं. आमच्याकडेही हेच आहे.

शेजारी आले, एकेक पाव घेतला, निघून गेले. वस्तूंना कुणी हात लावला नाही. काकू रिकाम्या बाकांकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या की लेकरा, तुझ्याकडे तर काहीच नाही.

एकाच हाताला सगळं देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ताट एकाला, बूट दुसऱ्याला, खाट तिसऱ्याला. आजी त्याबद्दल फार कडक होती. पण इथे दुसरा हातच नव्हता, आणि मेलेल्याच्या नावानं दिलेलं नाकारणं तर त्याहून मोठं पाप. आणि खरं लिहायचं तर, मी जमिनीवर झोपत होतो.

सात वस्तू घेतल्या. सात वेळा म्हटलं.

२५ ऑक्टोबर

एका माणसाला दोन ताटं कशाला? जुन्या बाजारात माझी ताटली, कप, घोंगडी, कोट आणि बूट विकले. झाम्फिराच्या बसभाड्याची सोय झाली. नवे बूट एक बोट मोठे आहेत, पुढे कागद कोंबला. माझ्या आता सहा.

लगेच तिला पत्र लिहिलं, माझ्या पेन्सिलीनं: इथे सगळं आयतं मिळतं, काही आणू नकोस, जे आहे ते विकून मोकळी हो.

३१ ऑक्टोबर

एकोणसाठ. डोब्रेनं काटा ठोकून पाहिला. चार किलो कुठे सांडले म्हणून विचारलं. मी नेहमीपेक्षा जास्तच जेवतोय. काकू रोज ताट भरून वर पाठवतात. मी ते पुसून खातो, आणि उठताना पोट होतं तसंच असतं.

काकूंना स्वप्न पडलं. काका म्हणाले, जेवण पोचतं, फार चवीचं असतं, पण चमचा नाही, हातानं खावं लागतं. काकूंनी मेणबत्ती लावून मला त्यांचा चमचा दिला.

५ नोव्हेंबर

पितळवाला दारावर आला होता. तोंड एक तर चमचा एक. आईचा दिला.

देऊ नये असं हात सांगत होता.

७ नोव्हेंबर

बावन्न.

आईच्या चमच्यानं निदान गरम काय, खारट काय एवढं तरी कळत होतं. आता कोबी चावतो आणि तोंडात काहीच नसतं.

रजई जाड आहे, पण मला ऊब येत नाही. सकाळी उठतो तेव्हा ती गरम असते आणि मी गार असतो. काकू मात्र आनंदात आहेत. म्हणाल्या की यांचा चेहरा स्वप्नात कसा भरलाय म्हणून सांगू, गालावर लाली आलीय.

११ नोव्हेंबर

डोब्रेला सांगितलं. सगळं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्यानं विचारलं की किती वस्तू घेतल्यास. आठ म्हटलं. तो म्हणाला, “अरे गाढवा, एका घरातून एक घेतात. तू अख्खा माणूसच उचललास!” गावात कुणी हात का लावला नाही तेही त्यानं सांगितलं. पांतेलिमोन आपल्या वस्तूंना फार जीव लावणारा होता, मरताना खाटेची कड सोडेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

परत देता येतं का विचारलं. येत नाही. विकता? ‘कोण घेईल?’ म्हणाला. दुसऱ्याला दान? ते तुझं नाहीच, तर तू देणार काय?

१४ नोव्हेंबर

चव्वेचाळीस. ताट न वापरता पाव तसाच खाल्ला तर? खाल्ला. पण त्यांच्या खाटेवर बसून खाल्ला. उद्या उभ्यानं खाईन. पण पायात बूट त्यांचे.

बूट काढून अनवाणी कामावर गेलो, तर साहेबांनी परत पाठवलं.

जुन्या बाजारात माझा कोट शोधला. तो गेला. सगळंच गेलं.

वस्तरा हरवला. कंगवाही. माझ्या तीन: चाकू, वही, पेन्सिल.

१९ नोव्हेंबर

आज काकूंनी विचारलं की बहीण कितीची. सोळा म्हटल्यावर त्यांनी डोक्याच्या रुमालानं डोळे टिपले. त्यांचीही एक मुलगी होती, आग्लाया. सोळाव्या वर्षी नदीत गेली. तिची पेटी तशीच आहे, झगा, वेणीच्या फिती, नवे बूट. वीस वर्षांत गावातल्या एकाही पोरीनं काही घेतलं नाही, असं म्हणाल्या. बिचारी तिथे ओल्या कपड्यांत बसली असेल.

मग म्हणाल्या की तुझी झाम्फिरा गुणाची असणार, नाही म्हणणार नाही.

काकू वाईट नाहीत. हेच मला कुणाला समजावता येत नाही.

२० नोव्हेंबर

झाम्फिराला कळवलं, येऊ नकोस. चार पानं लिहिली. पेन्सिल बोटभर उरली आहे, ती वाचवावी म्हणून काकूंनी दिलेल्या पेनानं लिहिली. कागदही त्यांनीच दिला. टपालपेटीत स्वतः टाकलं, पेटीत पडल्याचा आवाज ऐकला.

२१ नोव्हेंबर

काकू सकाळीच वर आल्या, हसत. स्वप्न पडलं होतं. काका म्हणाले, मुलाचं पत्र मिळालं, चार पानं आहेत, अक्षर किती सुंदर, एक चूक नाही.

पेन त्यांचं होतं. काकूंनी ते मेणबत्ती लावून दिलं होतं. मी मेणबत्तीकडे बघितलंच नाही —

२३ नोव्हेंबर

कोठारातल्या फोनवरून काकाच्या शेजाऱ्याकडे फोन केला. मी बोलत होतो. पलीकडचा म्हणत राहिला, कोण आहे, कोण आहे, नुसता वारा येतोय.

डोब्रेला म्हटलं की तू कर. दोनदा म्हटलं. त्यानं पावत्या जुळवल्या, डबा उघडला, जेवला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

२८ नोव्हेंबर

काट्यावर उभा राहिलो. काटा हलला नाही.

उडी मारली.

हलला नाही.

१ डिसेंबर

माझ्या जागी दुसरा माणूस बसला आहे. काटा कसा वाचायचा ते डोब्रे त्याला शिकवतो आहे.

बूट आता बरोबर बसतात. कागद काढला नव्हता — तो आत नाहीच.

४ डिसेंबर

बसथांब्यावर जायचं. तिथेच तिला अडवायचं. पण कुंपणाच्या फाटकापर्यंत जातो, आणि पुन्हा खाटेवर असतो. चारदा गेलो. चाकूनं रजई फाडली. काकूंनी येऊन शिवली, वर थोपटली, जसं आत कुणी —

पेन्सिल नखाएवढी. ही पानं माझी आहेत. हे तरी इथेच राहतं. जपून लिहायचं.

६ डिसेंबर, दुपार

आली.

खिडकीतून पाहिलं. पावसात भिजलेली, हातात काही नाही. सगळं विकून आली, मी सांगितलं होतं तसं.

खाली गेलो. जिन्यावर पाय वाजले नाहीत. तिच्या समोर उभा राहिलो. ती माझ्यातून अक्रोडाकडे बघत होती. म्हणाली, काकू, आमचा लिव्यू कुठे आहे? काकू म्हणाल्या की येईल गं बाई, कामावर असेल, तू आधी ओलं बदल, थंडीनं काकडलीस.

पेटी उघडली. झगा बाकावर ठेवला. मेणबत्ती शोधताहेत.

वही तिला दिसेल. वही माझी आहे. हे पान फाडून तिच्या हातात —

झाम्फिरा, मी लिव्यू. अक्षर ओळख. इथलं काही घेऊ नकोस. पाणीसुद्धा नको. तोंडातून ते शब्द काढू नकोस. आत्ता बाहेर जा, थंडीत राहा, काकाकडे परत जा, बोलणी खा, ती तुझी आहेत, ती तुला लागतील. काडी ओढल्याचा आवाज आला. झगा हातात घेतलास तर खाली ठेव, झाम्फिरा, अजून तू म्हटलं नाहीस ना, अजून फक्त ‘देव ति