ताईचे टाके

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं, पण आले. ताई स्टँडवर घ्यायला आली होती. भावोजींनी गॅलरीलगतची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे आणि सात वर्षांच्या भाचीने, आमच्या चिमणीने, दारावर माझं चित्र चिकटवलंय. नाक जरा जास्तच मोठं काढलंय, पण आता आहे ते आहे. उद्यापासून ताईच्याच कारखान्यात काम. तिनेच शब्द टाकला. मला आजवर जे काही मिळालं ते एकतर ताईच्या शब्दाने, नाहीतर ताईला आखूड झालं म्हणून. असो, आज तक्रार करायची नाही.

मंगळवार, ४
कारखाना म्हणजे एक लांब खोली, बारा चौकटी आणि बारा बायका. जाळीच्या जाड कापडावर लोकरीने क्यूआर कोड भरायचे. एक टाका म्हणजे एक चौकोन, काळा नाहीतर पांढरा. लोक ते भिंतीवर लावतात, समोर फोन धरला की कुणाच्या वडिलांचा आवाज ऐकू येतो, कुणाच्या बाळाचं हसू दिसतं. मालकीणबाईंनी सांगितलं की दहा-वीस टाके चुकले तरी फोन सांभाळून घेतो, त्याहून जास्त चुकले की कोड मुका.
नवी बाई आली की आधी स्वतःचा कोड भरते. त्यात तिचा फोटो आणि घरची माणसं. तो तिच्या खुर्चीमागे टांगतात आणि मालकीणबाई रोज सकाळी भिंतीवरून फोन फिरवत हजेरी घेतात. माझ्या माणसांत पहिली ओळ ताईचीच घातली. दुसरं आहे कोण मला?

शनिवार, ८
माझा कोड चार दिवसांनी पुरा झाला आणि पाचव्या वेळी वाचला गेला. ताईचा म्हणे लांबून, तिरका, खिडकीचं ऊन थेट पडलेलं असतानाही वाचला जातो. सगळ्या बायका दिवसभर ताईचा हात, ताईचा हात करत होत्या. मला काय पाय आहेत?

मंगळवार, ११
मालकीणबाईंनी माझं आणि ताईचं काम शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवलं. असं करू नये, असं करावं. जेवताना भावोजींनीही तोच विषय काढला.
पण खरी मिरची झोंबली ती दुपारी. माझ्या चौकटीवरचे वाकडे टाके कुणीतरी गुपचूप सरळ केले होते. ताईनेच. चार शब्द बोलली असती तर मीही भांडून मोकळी झाले असते. तिचं ते मुकाट्याने सांभाळून घेणं मला लहानपणापासून सहन होत नाही. जळते मी तिच्यावर. इथे तरी खरं लिहावं.

बुधवार, १२
जेवणाच्या सुट्टीत बायका अंगणात गेल्या आणि मी ताईच्या कोडातले तीसेक टाके उसवून काळ्याचे पांढरे केले. उद्या तिच्यापुढे फोन मुका राहू दे. एकदाच, सगळ्यांसमोर.

गुरुवार, १३
कुठलं काय! फोन पहिल्याच झटक्यात वाजला. ताईचा फोटो आला, माणसंही आली. नवरा, धाकटी बहीण. मधली मुलीची ओळ मात्र नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.
संध्याकाळी चिमणी कंगवा घेऊन ताईपुढे बसली. ताईने तिच्याकडे शेजारच्या पोरीकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, बाळ, घरी आई वाट बघत नसेल का? चिमणीला आधी खेळच वाटला. मग तिचं तोंड एवढंसं झालं आणि ती माझ्याकडे आली. वेण्या मी घातल्या. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

शनिवार, १५
आज पुन्हा उसवले. योगायोग असेल तर काही होणार नाही, अशी मनाची समजूत घातली. खरं तर होईल हे मला ठाऊक होतं.
नवऱ्याची ओळ गेली. ताईने भावोजींना चहा दिला आणि अदबीने विचारलं, आपला मुक्काम किती दिवस? भावोजी गॅलरीत येऊन रडले. म्हणाले, आता घराकडे तूच बघ. चिमणीही मलाच चिकटून आहे. माझ्याशिवाय पान हलत नाही या घरात.

सोमवार, १७
ताई जिन्यात बसून रडत होती. का ते तिलाच सांगता येईना. तिचं असं व्हायला मला नको होतं. मला फक्त एकदा —
सुट्टीत सगळं पूर्ववत भरलं. फोन धरून बघितला. मुलगी आली, नवरा आला. पण एक टाका ओढला की शेजारचे सैल होतात, आणि मी दोनदा ओढले होते. धाकटी बहीण गेली. आता शेकडो चौकोनांतला नेमका कुठला चुकला, कसं शोधू?
घरी ताईने चिमणीला पोटाशी धरलं. मग मला स्वयंपाकघराच्या दारात पाहिलं. तुम्ही कुणाकडे आलात, म्हणाली.

मंगळवार, १८
हजेरीला माझा कोड वाचला गेला नाही. एकही टाका हललेला नाही, मी मोजले. ताईच्या कोडात मी नाही तर माझ्यात ताई कुठून येणार, आणि तीच तर माझी पहिली ओळ. मालकीणबाईंनी माझ्या खुर्चीवर लोकरीच्या पेट्या ठेवल्या. मी खुर्चीपाशीच उभी होते.

बुधवार, १९
चिमणीला हाक मारली. ती माझ्या अंगातून — बाजूने नाही — निघून गेली. माझ्या पलंगावर वाळलेले कपडे. भावोजी हसत होते. तिघंही हसत होते. मला हेवा वाटला. अजूनही.

गुरुवार
तारीख आठवत नाही. मुका कोड इथे भिंतीवर ठेवत नाहीत. उसवून कापड पुन्हा वापरतात. मालकीणबाईंनी माझा काढला आणि दिला — ज्या हाताने कापडाची जाळी फाटत नाही, त्या हाताला.
ताई खिडकीपाशी बसलीय. मांडीवर मी. छोटी कात्री. मी समोर ओरडतेय, ती गुणगुणतेय.
पहिला कोपरा गेला. आईचं नाव — काय होतं आईचं —
शेजारच्या बाईने विचारलं, कुणाचा गं? ताई म्हणाली, कोण जाणे. पण टाके बघ किती सुरेख आहेत, माझ्याहून सरस हात होता बाईचा.
जन्मभर हेच — तिच्या तोंडून —
ताई थांब. ते माझे आहेत. मी भरलेत. ताई, मी तुझी धाक