बोटीतली पोरगी

१८ ऑक्टोबर, शनिवार

सुटले बाई एकदाची! गायत्री हो म्हणाली!

सचिन गावचे पाहुणे गायत्रीला बघायला आले आणि गेले. मुलगा, त्याची आई आणि मामा. भूपेंद्र नाव. हजीऱ्याला कंपनीत कायम आहे. सुपारीचं खांड नाही तोंडात, बोलायला गरीब, मान खाली घालून चिवडा खाल्ला. आणि घर सचिनला, म्हणजे रिक्षात बसलं की पोचलं! माझ्या बहिणी कुठे कुठे जाऊन पडल्या, एक चाळीसगावला, एक पार अकोल्याला. वर्षाला तोंड दिसत नाही. माझी पोरगी इथल्या इथे राहणार. आणखी काय पाहिजे माणसाला?

गायत्री एवढंच बोलली, की परीक्षा एप्रिलमध्ये आहे. मुलाची आई म्हणाली, लग्न तर फेब्रुवारीतच उरकायचं, परीक्षेचं मग बघू. मी पण लगेच, हो हो, मग बघू. बी.कॉम. काय कुठे पळून चाललंय? ते गेल्यावर हे म्हणाले, "पोरले इचार एकदाव." विचारलं. "चालेल," म्हणाली आणि कप विसळायला गेली. नऊ नोव्हेंबरला साखरपुडा!

सोनालीने मात्र लाज काढली. आठ वर्षांची घोडी, पाहुण्यांसमोर ताईची ओढणी धरून बसली. "ताईला कशाला न्यायचं?" अगं, सचिनला चाललीय, चंद्रावर नाही! दोघींत अकरा वर्षांचं अंतर, पण बहिणी कसल्या, जोडीदारणीच त्या. गायत्री गच्चीवरून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते आणि ही असेल तिथून धावत सुटते. त्या शिट्टीवरून मी किती बोलले असेन! मुलीच्या जातीला शोभतं का? तर आठवडा झाला, गायत्रीने स्वतःहून सोडली. शहाणी झाली पोरगी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. कापडाचे लूम बंद. आमच्या अख्ख्या बमरोलीत खटखट नाही, अर्धी बिल्डिंग गावाला गेलेली. आम्ही साखरपुड्यामुळे यंदा इथेच. एवढ्या शांततेने माझं डोकं दुखतं! पण मन कसं निवांत आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी पिक्चर सांगितला! आणि घोळ करून ठेवला. नीट लिहिते.

पोरं सुट्टीत भिंतींवर चढायला लागली होती म्हणून अमोलने गच्चीवर पिक्चर ठेवला. अमोल म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा, लग्नाच्या शूटिंगवाला. प्रोजेक्टर त्याचाच. ह्यांनी कारखान्यातून न रंगवलेल्या कापडाचा ताका आणला, तो टाकीला बांधून पडदा केला. संध्याकाळी दिवाबत्ती झाली आणि सगळे वर. जपानी कार्टून आहे मावशी, मैत्रीचं आहे, घरातल्या सगळ्यांनी बघण्यासारखं, असं अमोल दोन दिवस सांगत होता. लावलं तर काय, हिंदी नाहीच! सगळे आपले जपानीत बोलतायत आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतायत. पोरांनी बोंब ठोकली. अमोलचं तोंड एवढंसं झालं. "मला हिंदी म्हणून दिला हो!" मी म्हटलं, सरक तिकडे, मी सांगते.

मला कुठे इंग्रजी येतं? पण माणसाच्या तोंडावरून कळत नाही होय? पाट घेऊन पुढे बसले आणि दिलं सोडून. अहिराणी, हिंदी, मधेच गुजराती, सुचेल ते.

समुद्रकाठचं गाव. एक छोटी मुलगी शहरातून राहायला येते, भित्री, पाण्याला पाय लावत नाही. तिथे एक मोठी मुलगी, सोळा-सतराची, तिची स्वतःची बोट. टपाल, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळ्यांना ह्या काठावरून त्या काठावर नेते. तिने शिट्टी मारली की पांढरे पक्षी येऊन बोटीवर बसतात. सोनाली उभीच राहिली, "ही तर ताई!" मी त्या दोघींना बहिणी करून टाकलं. नात्याशिवाय कोण एवढा जीव लावतं? मोठी छोटीला पोहायला शिकवते. कोंबडी पाण्यात पडते तेव्हा मी कोंबडीच्या तोंडी अशा शिव्या घातल्या की तळमजल्यावरच्या धुरपदाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. हे पण हसले! मला तर वाटलं रोज सांगावा पिक्चर.

मग मोठीच्या घरी दोन माणसं येतात, नीटनेटकी. चहा होतो. ती मान खाली घालून बसलेली. आणि मग एका सकाळी ती बोटीत बसलेली दिसते, पायापासून डोक्यापर्यंत पांढरं गुंडाळलेली. डोकंसुद्धा पांढऱ्यात. तोंड चुना फासल्यासारखं, डोळे मिटलेले. बरोबरचे म्हातारे काळ्या कपड्यात, माना खाली. वाजा नाही, गाजा नाही, देवळाची घंटा तेवढी. छोटी काठावर उभी. बोट धुक्यात गेली.

मी म्हटलं, "वारली बिचारी."

दुसरं काय म्हणणार? काही लोकांत मयताला बसवूनच नेतात, मी स्वतः पाहिलंय.

आणि सोनालीने जी किंकाळी फोडली! ताईच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. अमोलने घाबरून मशीन बंद केलं, राहिलेला पिक्चर राहिलाच. गायत्री पूर्ण वेळ माझ्या मागेच बसली होती. सोनालीला पोटाशी घेऊन खाली गेली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ताप! अंग नुसतं भाजतंय. औषध पाजलं. झोपेतसुद्धा ताईची ओढणी मुठीत.

दुपारी विचारलं, काय होतंय राणी? तर म्हणते, "बघायला येतात. चहा पितात. मग पांढरं घालून घेऊन जातात." मला घामच फुटला. हे मला बोलले, "तुले कोनी सांगेल व्हतं मधमा बोलाले?" मी म्हटलं, त्या अमोलला बोला, त्याने आणला ना पिक्चर! आता सगळ्यांना मीच सापडते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घाबरलीय. पण अन्नाला शिवत नाही, खाली खेळायला जा म्हटलं की रडते, ताईला दाराबाहेर जाऊ देत नाही. धुरपदाबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागून आम्हीच मेलो, सोनाली आहे तशी.

मला एकाच गोष्टीची धास्ती बसलीय. साखरपुड्यात, भरल्या घरात ही ओरडली, ताई मरणार म्हणून, तर? झालंच कल्याण. अशुभ म्हणून ते उठून जातील. इतकं चांगलं स्थळ हातचं जाईल, ते पण माझ्या एका शब्दापायी! चाळीसगावला माझ्या बहिणीकडे पाठवून देते म्हटलं दहा-बारा दिवस. तर गायत्री तडकली. "तिला कुठे पाठवायचं नाही." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा ऐकला. मी तो विषय सोडला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन घास दहीभात. ते पण ताईच्या हातून.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मेली नाही!! लग्न झालं तिचं!!!

अगं बाई, काय सांगू! मी व्यापाऱ्याच्या साडीवर टिकल्या चिकटवत बसले होते, तर अमोल मोबाइल घेऊन धावत आला. "मावशी, तुम्ही काय सांगून बसलात! मी राहिलेला पिक्चर पाहिला. ती जिवंत आहे!" मी टिकल्यांचा डबाच सांडला. सोनालीला मांडीवर घेतलं आणि तिघं बसलो बघायला.

तर काय, छोटी आता मोठी झालीय. तीच बोट ती चालवतेय. धुक्यात शिट्टी ऐकू येते, आणि दुसऱ्या काठावर ती उभी! मोठी! पाठीला बाळ बांधलेलं, अंगाने भरलेली, हसतेय. छोटी वल्हं टाकून पाण्यात उडी मारते आणि पोहत पोहत जाते तिच्याकडे. सोनालीने तर मोबाइलची पापीच घेतली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळलं नाही. अमोल म्हणे, त्यांच्यात नवरी पांढरं नेसते, डोक्यावर पण पांढरं घेते. आता हे कुणाला माहीत? गाऊन असता तर मी ओळखलं असतं, पिक्चरमध्ये पाहिलेत. आपल्यात नवरी म्हणजे हळद, हिरवा चुडा, दारात वाजंत्री. बिनवाजंत्रीची नवरी मी जन्मात पाहिली नव्हती! आणि बहिणी पण नाहीत म्हणे त्या. नुसत्या मैत्रिणी.

सोनालीने दोन वाट्या खिचडी खाल्ली, वर पापड मागितला. छातीवरून धोंडा उतरला माझ्या. देवापुढे साखर ठेवली. आता नऊ तारखेला काही विघ्न नाही.

गायत्री गच्चीवरून कपडे घेऊन आल्यावर सोनाली तिच्या अंगावर उडीच मारून म्हणाली, "ताई, ती मेली नव्हती! लग्न होतं!" गायत्री म्हणाली, "हो का?" आणि हसली. थोडंसंच.

१ नोव्हेंबर, शनिवार

सोनाली सारखा तोच पिक्चर लावून बसते. अमोलने मोबाइलमध्ये घालून दिला, आता भोगा.

आज बोटीचा तो भाग लागला होता. मी कणीक मळत होते. सोनालीने एक एक अक्षर लावत वाचलं. तिसरीत आहे, इंग्रजी शाळेत. "आई, इथे खाली लिहिलंय. वेडिंग. वेडिंग म्हणजे लग्नच ना गं?"

म्हटलं, हो.

मग माझा हात थांबला. खाली लिहिलेलं होतं. तेव्हाही होतं. गायत्री माझ्या मागेच बसली होती. बिल्डिंगमधल्या पाच पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते ती. वाचता येत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

गच्चीवर तुळशीचं लग्न लावलं. ऊस, बोरं, आवळे, सगळं केलं. सोनालीने मंगलाष्टकं म्हटली, निम्मी चुकीची. मी अक्षता टाकत होते पण लक्ष गायत्रीकडे.

सगळे खाली गेल्यावर आम्ही दोघीच उसाची कांडी करत बसलो. विचारून टाकलं. "तुला माहीत होतं ना, ते लग्न आहे?"

"हो."

"मग मी वारली म्हटलं तेव्हा बोलली का नाहीस? पोर तापाने फणफणली, चार दिवस उपाशी होती. तुझी लाडकी! तेव्हापण गप्पच?"

विळी बाजूला ठेवली तिने. म्हणाली, "तिला मी रोज सांगत होते आई, की मी मरणार नाही. पण ते लग्न आहे असं तुला सांगायला गेले, तर मलाच वाटलं, तू बरोबरच सांगितलंस."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. परत विळी घेतली.

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको, मुलगा चांगला आहे. ती म्हणाली, "चांगलाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?"

नाही म्हणत नाही, हेच तर खरं. हो पण कधी म्हणाली? चालेल म्हणाली होती. मी ते हो म्हणून ऐकलं आणि सचिनला पेढे पाठवले. मला आज भीती वाटतेय. सोनालीच्या तापाला वाटली नव्हती एवढी.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळ्या टिकल्या वाकड्या चिकटवल्या. व्यापाऱ्याकडून ती साडी परत आली. ह्यांना सांगितलं सगळं. हे म्हणाले, "मी तुले म्हनेल व्हतं, इचार." मी म्हटलं, विचारलं होतं हो. ते म्हणाले, "आते परत इचार. ह्या बारीले आयकीसन घे."

४ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं. दार लावून, समोर बसवून. बोलायला लागली तेव्हा थांबेचना. आधी परीक्षा द्यायचीय, लग्न आत्ता नकोच.

५ नोव्हेंबर, बुधवार

सचिनला मुलाच्या घरी फोन केला. मीच केला, हे शेजारी बसले होते. मुलगा सोन्यासारखा आहे, चूक आमची, साखरपुडा नाही, असं सांगितलं. मुलाची आई खूप बोलली. ऐकून घेतलं. गायत्रीला सांगितलं, तर ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. थोड्या वेळाने वरून शिट्टी! सोनाली ताटावरून उठून धावली. रागवायला म्हणून उठले होते मी. बसले परत.